हाक मारायचं नाव

"बाई कुठायत?"

फर्नेसवरचा बळवंत पाटील माझ्या खिडकीत वाकून विचारत होता. केसांना पाणी लावून भांग पाडलेला, कामाचा काळा पडलेला शर्ट काढून घरून आणलेला इस्त्रीचा घातलेला. मी कानावरचा हेडफोन बाजूला केला.

"ही काय, बसलेय की समोर."

"तुम्ही न्हवं हो." तो ओशाळून हसला. "नव्या बाई. कॉम्प्युटरवर घालायला फोटो काढायला लागल्यात न्हवं?"

मी व्हरांड्याच्या टोकाकडे बोट केलं. तिथे आणखी सहासात जण रांगेत उभे होते. एकानं तर चक्क पावडर लावली होती.

आमचा कारखाना शिरोलीला, लोखंडाच्या ओतकामाचा. सहाशे बारा माणसं, त्यांत बायका चार. तिघी वरच्या मजल्यावर हिशेबनीसांच्या खोलीत बसायच्या, त्यांना खालचं कुणी ओळखत नव्हतं. मी खाली, दारातच. टेलिफोन ऑपरेटर. सतरा वर्षं तिथे 'बाई' म्हणजे शालन माने, दुसरं कुणी नाही.

ओतशाळेत माणूस टेबलाशी सापडत नाही. तो कधी भट्टीवर असतो, कधी क्रेनच्या केबिनमध्ये, कधी साच्यांच्या गोदामात. कोण कुठल्या वेळी कुठे असतो ते मला पाठ होतं. त्यात आमच्याकडे पाटील त्र्याऐंशी, आणि त्यांतले सुरेश पाटील सात. घरून बायकोचा फोन यायचा, "बाई, जरा पैलवानाला द्या की," आणि मी तिसऱ्या रिंगच्या आत पैलवानाला द्यायची. पैलवान म्हणजे हाच बळवंत. क्रेन पाटील, वडणगे पाटील, हवालदार, मास्तर, गुळव्या. हजेरीपटावरचं नाव एक आणि हाक मारायचं नाव दुसरं. हजेरीपटावरची नावं कुणाच्या लक्षात नसत. हाकेची नावं सगळी मिळून एकाच ठिकाणी होती, माझ्या डोक्यात.

हर्षदा वाघचौरे दोन हजार चारच्या जूनमध्ये आली. नाशिकची, एमसीए झालेली, चोवीस वर्षांची. आमचे पर्सोनेल मॅनेजर खर्डेकर साहेब तिला घेऊन माझ्या खिडकीशी आले.

"शालनताई, या आपल्याकडं इंट्रानेट करणार आहेत."

"म्हणजे काय, साहेब?"

"आतल्या आतलं इंटरनेट. बाहेरच्याला दिसणार नाही, आतल्याला सगळं दिसेल. नोटिसा, रजेचे अर्ज, कँटीनला आज काय आहे ते, कोण कुठल्या खात्यात, कुणाचा फोन नंबर काय. प्रत्येक खात्यात एक कॉम्प्युटर बसणार. माणूस हवा असला की नाव टाकायचं, बटण दाबायचं, की नंबर हजर."

"मग मी काय करायचं?" मी हसत विचारलं.

साहेबही हसले. "तुम्हाला आता जरा आराम. मार्चमध्ये आपोआप चालणारं एक्सचेंज पण येतंय." एवढं बोलून ते जिना चढून गेले. ते हसण्यावारी बोलले होते, पण मला भीती वाटली. नवरा गेल्याला पाच वर्षं झाली होती, मुलगा अकरावीला होता. मला दुसरं कुठलं काम येत नव्हतं.

पण सगळा दोष त्या भीतीवर ढकलला तर ते खोटं होईल. मला तिचा हेवा वाटत होता. भीती काय, सुटीच्या दिवशी कमी व्हायची. हेवा रविवारीसुद्धा भाजी निवडताना सोबत असायचा. तिला चाकांची खुर्ची मिळाली. माझ्या लाकडी खुर्चीवरची उशी मी घरून शिवून आणली होती. खर्डेकर साहेब सतरा वर्षं सकाळी आल्या आल्या माझ्या खिडकीशी थांबत, "काय शालनताई, कारखाना जागेवर आहे का?" असं विचारत. जुलैपासून ते तोंडानं तेच विचारत, पण पाय तिच्या टेबलाकडे वळलेले असत. चहा देणारा दगडूमामा तिचा कप आधी भरायचा. आणि ती 'बाई' झाली, मी 'जुन्या बाई' झाले. हे कुणी ठरवलं नाही, कुणाच्या मनात वाईटही नव्हतं. म्हणून तर भांडायचीही सोय नव्हती.

बरं, ती नखरेल असती, उर्मट असती, तर माझं काम सोपं झालं असतं. पहिल्याच दिवशी डबा घेऊन आली. "ताई, इथे बसू का? एकटीला जेवण जात नाही." मी सरकून जागा दिली, लसणाची चटणीही दिली. नाकातून पाणी येईपर्यंत तिनं ती खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली. आमचं जेवण रोज एकत्र चालायचं आणि प्रत्येक घासाला मी मनात तिचं काहीतरी काढत असायची. हिचे उच्चार बघा. हिची ओढणी बघा. सगळ्यांची नावं लक्षात ठेवायची धडपड बघा, जशी काय निवडणुकीलाच उभी राहणार आहे.

कामाला मात्र ती वाघीण होती. चौदा कॉम्प्युटर बसले. वायरिंगवाल्यांबरोबर ती स्वतः शिडी धरून उभी राहिली. सगळं मराठीत हवं म्हणून कुठून कुठून मराठी अक्षरं मिळवली. "आपल्या माणसाला स्वतःचं नाव वाचता आलं पाहिजे, ताई. नाहीतर तो कशाला बघेल?" तिनं मला चारदा बोलावलं, "या ना, दाखवते." चारही वेळा मी लाइन चालू आहे म्हणून सांगितलं. तो पडदा बघायचा नाही असं मी ठरवूनच टाकलं होतं.

सप्टेंबरमध्ये ती छापलेल्या कागदांचा एक गठ्ठा घेऊन आली. सहाशे बारा ओळी. नाव, खातं, नंबर, आणि शेवटी एक रिकामा रकाना. वर लिहिलं होतं, 'हाक मारायचं नाव'.

"हा तुमचा रकाना, ताई."

"माझा?"

"दुसऱ्या कुणाला येणार? पर्सोनेलच्या फायलीत हे नाहीच. मी खात्यांत जाऊन विचारलं तर माणसं माझ्यासमोर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगतात, हात बांधून. तुम्ही फोनवर कशी नावं घेता ते ऐकलंय मी. त्याच नावानं शोधलं तर माणूस सापडला पाहिजे. तेवढं झालं ना, की हे खरं आपलं होईल."

"बघते," म्हटलं मी.

गठ्ठा तीन आठवडे माझ्या खणात पडून राहिला. ती रोज जेवताना विचारायची नाही, एक दिवसाआड विचारायची. मी रोज घरी जाताना ठरवायची, उद्या भरू. आणि रोज सकाळी कुणीतरी खिडकीत येऊन विचारायचं, "बाई कुठायत?"

मला एवढंच दिसत होतं की हे एकदा कागदावर गेलं की माझ्या डोक्यात काही शिल्लक राहणार नाही. सतरा वर्षांची कमाई ती एका दुपारी मशिनीत घालणार, आणि सगळे म्हणणार, वा, बाईंनी काय काम केलं.

खंडेनवमीला उद्घाटन ठरलं. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा असते, भट्टीपासून पान्यापर्यंत सगळ्याला झेंडू लागतो. चार दिवस आधी मी एका बैठकीत तो रकाना भरला. पाटील. पाटील. कांबळे. पाटील. चौगुले. पाटील. नुसती आडनावं. सहाशे बारा ओळींत एकही जागा रिकामी ठेवली नाही. अक्षरही चांगलं काढलं.

हर्षदा कागद चाळत उभी राहिली. पहिलं पान, दुसरं, मग मधलं एक.

"इथे सगळे आडनावानंच हाक मारतात?"

"होय तर. शिस्त आहे आप्पासाहेबांची." आप्पासाहेब म्हणजे आमचे मालक, त्यांनीच कारखाना उभा केला.

"पण फर्नेसवर मी ऐकलं, कुणाला तरी पैलवान म्हणत होते."

"चेष्टा करत्यात गं. असलं कंपनीच्या पानावर घालणार होय? उद्या तो रुसून बसला तर कोण समजूत काढणार, तू का मी?"

तिनं पुन्हा पहिलं पान उलटलं. "मला वाटलं होतं..."

"तुला काय वाटणार? चार महिने झाले येऊन."

"तेही खरंच," ती म्हणाली. "थँक्यू ताई. फार किचकट काम होतं." आणि कागद छातीशी धरून गेली.

खंडेनवमीला कँटीनच्या हॉलमध्ये माणूस मावत नव्हता. एका टेबलावर कॉम्प्युटर, त्याला हार, हळदकुंकू, पुढे नारळ. भिंतीवर मोठा पांढरा पडदा. आप्पासाहेब पहिल्या खुर्चीत, धोतर आणि कोल्हापुरी फेटा, शेजारी खर्डेकर साहेब. मी भिंतीला टेकून उभी होते. भीती होतीच आणि, खोटं कशाला बोलू, मजाही वाटत होती.

हर्षदानं नोटिसा दाखवल्या, रजेचा अर्ज दाखवला. कँटीनचा त्या दिवशीचा बेत पडद्यावर आला तेव्हा हशा पिकला, कारण पुरणपोळीचा वास आधीच सगळीकडे पसरला होता. मग तिनं माणसांचं पान उघडलं. पहिल्या रांगेतले फोटो दिसले आणि टाळ्या पडल्या. आप्पासाहेब खुर्चीत पुढे सरकले.

"आता कुणाचं पण नाव सांगा, साहेब."

"कुणाचं पण? पैलवान काढ की गं पोरी. मी आन त्यानं मिळून पयली भट्टी पेटवलीया."

हर्षदाचे हात थांबले. मला दिसलं ते. मग तिनं अक्षरं टाइप केली. पडद्यावर ओळ आली, 'या नावाची व्यक्ती आढळली नाही.'

"काय म्हणायलंय ते?"

"सापडत नाहीत म्हणतंय," खर्डेकर साहेब हळूच म्हणाले.

"पैलवान सापडंना? बरं, क्रेन पाटील बघ."

आढळली नाही.

"हवालदार?"

आढळली नाही. मागून कुणीतरी फिसकन हसलं. पैलवान स्वतः तिसऱ्या रांगेत उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. त्याचा चेहरा पडला. आपण इथे आहोत हे हात वर करून सांगावं की काय, अशा बेतात तो चुळबुळत होता.

आप्पासाहेबांचा आवाज चढला. "माझी माणसंच न्हाईत व्हय ह्यात? मग हे कुणाचं केलंय? मशीन ओळखंना, मग ओळखतंय कोण?" त्यांची नजर हॉलभर फिरली आणि भिंतीशी थांबली. "शालन, तू सांग गं."

आणि मी सांगितलं. भिंत सोडून दोन पावलं पुढे आले आणि सुरू झाले. "पैलवान म्हणजे बळवंत रामचंद्र पाटील, फर्नेस, दोनशे एकवीस. क्रेन पाटील म्हणजे सुरेश ज्ञानदेव, दोनशे चाळीस, पण रोज दुपारी तीनपर्यंत तो मोल्डिंगला असतो, तिथं दोनशे नऊ लावायचा. हवालदार म्हणजे केरबा कांबळे. मास्तर म्हणजे..." माणसं टाळ्या वाजवायला लागली. एकेका नावाला एकेका कोपऱ्यातून ओरडा उठायचा. मी थांबलेच नाही. पन्नाससाठ नावं घेतली असतील. आयुष्यात माझ्यासाठी तेवढ्या टाळ्या कधी वाजल्या नव्हत्या, माझ्या लग्नातसुद्धा नाही.

श्वास घ्यायला थांबले तेव्हा हर्षदाकडे नजर गेली. ती माझ्याकडेच बघत होती. त्या हॉलमध्ये साडेपाचशे माणसं होती आणि मी नेमकं काय कबूल करतेय हे फक्त तिला कळत होतं.

खर्डेकर साहेब उठून तिच्याजवळ गेले. दबक्या आवाजात बोलले, पण मी दोन हातांवर होते.

"ही नावं कुणी दिली तुम्हाला?"

आता संपलं, असं मला वाटलं. मी पदराचं टोक मुठीत धरलं.

"कुणी नाही," हर्षदा म्हणाली. "मीच भरली. विचारायचं राहून गेलं."

"चार महिने त्यांच्याशेजारी बसून जेवता आणि विचारायचं राहून गेलं?"

"चूक झाली, सर."

त्या दुपारी पुरणपोळी मला चार ठिकाणांहून वाढली गेली. पैलवानानं तर खिडकीशी येऊन हात जोडले. "बाई, तुम्ही हुता म्हणून अब्रू ऱ्हायली." मी पुन्हा बाई झाले होते.

नंतरचे दिवस कसे गेले ते सांगायला मला आवडत नाही. ती भांडेल म्हणून मी तयारी करून ठेवली होती. काय काय बोलायचं ते आंघोळ करताना पाठ करायची. पण ती डबा घेऊन आली, नेहमीच्या जागी बसली, म्हणाली, "ताई, चटणी आहे का?" मी चटणी दिली. एकदा मीच न राहवून म्हटलं, "त्या दिवशी तू साहेबांना..." तर ती म्हणाली, "जाऊ द्या ना. जेवा." मला तिचा असा संताप आला की मी डबा झाकून टाकला. ओरडली असती, चार शब्द सुनावले असते, तर आमची फिटंफाट झाली असती. तिनं तेवढंही मला दिलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी तिची सहा महिन्यांची मुदत संपत होती. तिला कायम करायचं नाही असं वर ठरल्याचं दगडूमामाकडून कळलं. आप्पासाहेब म्हणाले होते म्हणे, माणसांत राहून माणसं न कळणारी पोरगी आपल्याला नको.

तिच्या शेवटच्या दिवशी सकाळी अकराला खर्डेकर साहेबांचा निरोप आला, वर या. जिना बावीस पायऱ्यांचा. दहाव्या पायरीवर मी ठरवलं की आज सांगून टाकायचं. काय होईल ते होवो. नोकरी जायचीच असली तर मार्चमध्ये जाणारच आहे, चार महिने आधी गेली. बाविसाव्या पायरीवर माझी वाक्यंसुद्धा जुळली होती. साहेब, तो रकाना मी भरला होता. मुद्दाम भरला होता.

"या, बसा शालनताई," साहेब म्हणाले. सतरा वर्षांत त्यांनी मला कधी बसा म्हटलं नव्हतं. त्यांनी एक लिफाफा माझ्यापुढे सरकवला. "वाचा."

टंकलेलं पत्र होतं. एक जानेवारीपासून मला माहिती अधिकारी नेमलं होतं. ऑफिसर ग्रेड. इंट्रानेटवरच्या माणसांच्या पानाचं सगळं काम माझ्याकडे, शिकवायला कोल्हापुरातून एक माणूस येणार.

"एक्सचेंज आल्यावर तुमचं काय करायचं हा प्रश्न होताच," साहेब सांगत होते. "खरं सांगू का, ही कल्पना त्या वाघचौरेंची. ऑगस्टमध्येच नोट दिली होती त्यांनी मला. ऑपरेटरची जागा जाणार असेल तर शालनताईंना या कामावर घ्या, हे पान त्यांच्याशिवाय उभं राहणार नाही, नावांचं काम मी त्यांच्याकडंच सोपवतेय. सगळं लिहून. मीच म्हटलं होतं, बाईंना या वयात कॉम्प्युटर जमायचा नाही. खंडेनवमीला आप्पासाहेबांनी तुम्हाला ऐकलं आणि मग ते हटूनच बसले."

माझ्या हातात पत्र होतं. त्यावर माझं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट नाही तर नवऱ्याच्या. श्रीमती शालन दिनकर माने.

"मला कळत नाही ते एवढंच," साहेब चष्मा पुसत म्हणाले. "नोटीत स्वतः लिहिते की नावांचं काम यांच्याकडं देणार, आणि आयत्या वेळी विचारतच नाही. तुम्हाला कधी बोलली होती का ती त्याबद्दल?"

जुळवलेली वाक्यं तोंडात तयार होती. नुसता ओठ उघडायचा होता.

"नाही, साहेब," मी म्हटलं.

"बरं. तुम्हाला काही बोलायचं होतं का? आत येताना तसं वाटलं तुमच्याकडं बघून."

"नाही. आभारी आहे, साहेब."

पत्राची घडी घातली आणि बावीस पायऱ्या उतरले.

नोकरी सोडून जाणारा माणूस ओळखपत्र माझ्याकडे जमा करतो, मी वहीत सही घेते, असा आमचा रिवाज. हर्षदा खिडकीशी उभीच होती, खांद्याला पिशवी अडकवून. तिचं लक्ष माझ्या हातातल्या लिफाफ्यावर गेलं. कंपनीचा निळा शिक्का होता त्यावर. वर काय शिजलं ते तिला लगेच कळलं.

"मिळालं?" ती जवळजवळ ओरडलीच. "दिली ऑर्डर त्यांनी? ताई! मला वाटलंच नव्हतं ऐकतील म्हणून."

मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. ओठांच्या कोपऱ्यात बघितलं, डोळ्यांत बघितलं. सतरा वर्षं माणसांच्या आवाजावर जगलेली बाई मी. फोनवर नुसत्या 'हॅलो'वरून ओळखायची की घरात भांडण झालंय. त्या आवाजात काही सापडलं नाही. तिला आनंद झाला होता, बस्स.

तिनं ओळखपत्र ठेवलं, वहीत सही केली, खिडकीतून हात आत घालून माझा हात दाबला आणि फाटकातून बाहेर पडली.

अकरा वर्षं मी त्या पदावर काम केलं. पैलवान, क्रेन पाटील, हवालदार, सगळ्यांना मी माझ्या हातानं त्या पानावर घातलं. निवृत्त झाले तेव्हा भाषणांत सगळे म्हणाले, बाईंना माणसं कळतात. मी खाली मान घालून ऐकत होते आणि मनात तिच्याशी भांडत होते, अजूनही भांडते. जाताना एक टोमणा मारला असता तिनं, तर मी तिला केव्हाच विसरून गेले असते.